पाण्याच्या देशातला नाग : ख्मेर शिल्प आणि कांस्यमूर्ती

#धागा #इतिहास #अंगकोर

१/
कंबोडियातील अंगकोर थोम या प्राचीन नगराच्या दक्षिण दरवाजाकडे जाताना खंदकावरचा एक दगडी सेतू ओलांडावा लागतो. सेतूच्या डाव्या बाजूला ५४ देव, उजव्या बाजूला ५४ असुर. सारे ओळीने बसलेले आणि प्रत्येकाच्या हातांत एका प्रचंड नागाचे शरीर. भारतीय पर्यटक क्षणात उद्गारतो, "समुद्रमंथन!" उत्तर सुचायला सोपे आहे. पण थोडे थांबून मोजा. मंथनात नाग एकच असतो, वासुकी. देव एका टोकाला, असुर दुसऱ्या टोकाला. इथे नाग दोन आहेत. देवांचा वेगळा, असुरांचा वेगळा. आणि दोघांचेही फणे नगराबाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याकडे तोंड करून उभारलेले आहेत. मग हे नेमके काय आहे?

२/
या प्रश्नाच्या उत्तरासाठी आज आपण ख्मेर कलेतील नागाचा माग काढणार आहोत. ख्मेर भाषेत त्याला 'नेआक' म्हणतात. शब्द उघडच संस्कृतातून गेलेला. वासुकी, शेष, तक्षक, मुचलिंद ही नावेही भारतातूनच गेली. पण नाव गेले म्हणजे अर्थही जसाच्या तसा गेला, असे होत नाही. ख्मेर शिल्पकारांनी नागाला जे काम दिले, ते भारतातल्या कोणत्याही मंदिरात त्याला इतक्या प्रमाणात मिळालेले नाही. त्याचे कारण त्या भूमीत, अधिक नेमके सांगायचे तर त्या भूमीवरील पाण्यात आहे.

३/
आधी भूगोल. कंबोडियाच्या मध्यभागी तोन्ले साप नावाचे सरोवर आहे. कोरड्या दिवसांत त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असते. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की सरोवरातून बाहेर वाहणारी तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. जंगले पाण्याखाली जातात. काही महिन्यांनी पाणी ओसरते, मागे गाळ आणि अमाप मासे राहतात. जिथे काल होडी चालत होती तिथे आज भात उभा राहतो. दर वर्षी पाण्यातून जमीन जन्माला येताना पाहणाऱ्या लोकांनी आपल्या राज्याच्या जन्माची कथाही तशीच रचली.

४/
त्या कथेचे सर्वांत जुने रूप चिनी नोंदींत सापडते. तिसऱ्या शतकात चिनी दूत मेकाँगच्या मुखाकडील फुनान राज्यात आले होते. त्यांच्या वृत्तान्तावर आधारलेल्या ग्रंथांत अशी हकिकत येते की, हुन-तिएन नावाचा परदेशी पुरुष दैवी धनुष्य घेऊन जहाजाने आला. त्या प्रदेशावर लिऊ-ये नावाच्या स्त्रीचे राज्य होते. तिने त्याच्यावर चाल केली. त्याच्या बाणाने तिच्या नौकेचा वेध घेतला. ती शरण आली आणि दोघांचे लग्न झाले. लक्षात घ्या, या कथेत नाग कुठेच नाही. आहे ती फक्त त्या भूमीची स्त्री शासक.

५/
नागकन्या येते ती संस्कृत शिलालेखात. आजच्या व्हिएतनाममधील मी सॉन येथे चंपाचा राजा प्रकाशधर्म याचा सातव्या शतकाच्या मध्याचा लेख आहे. चंपाच्या या घराण्याचे कंबोडियातील भवपूरच्या राजकुळाशी नाते होते, म्हणून त्या कुळाचा उगमही लेखात सांगितला आहे. द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला कौंडिण्य नावाच्या ब्राह्मणाने भवपूर येथे रोवला आणि नागराजाची कन्या सोमा हिच्याशी विवाह केला. त्यांच्यापासून राजवंश चालला. चिनी वृत्तान्तातली स्थानिक राणी आता नागकन्या झाली होती.

६/
लोकपरंपरेने या कथेत आणखी एक मोलाचा तपशील राखला. त्यात नायकाचे नाव प्रेआ थोंग आणि नायिकेचे नेआंग नेआक, म्हणजे 'नागकन्या'. लग्नात जावयाला देण्यासाठी नागराजाकडे कोरडी जमीन नव्हती. म्हणून त्याने देश व्यापणारे पाणी पिऊन टाकले आणि खालून वर आलेली भूमी मुलीला आंदण दिली. कथेचा राजकीय अर्थ स्पष्ट आहे. राजा बाहेरून आलेला असेल, त्याच्याकडे भाला असेल, मंत्र असतील. पण जमिनीवरचा हक्क त्याला पत्नीकडून मिळतो. भूमीचा मूळ धनी नाग आहे.

७/
अशी वंशकथा भारतातही होती. दक्षिणेतील पल्लवांच्या एका ताम्रपटात अश्वत्थामा आणि नागकन्या यांच्यापासून वंश चालल्याचे सांगितले आहे. तेव्हा कथेचा साचा समुद्रमार्गे गेला असावा, असे मानायला जागा आहे. पण पल्लवांच्या प्रदेशात ती वंशावळीतली एक ओळ राहिली. ख्मेर देशात मात्र त्या ओळीचे पुढे स्थापत्य झाले, राजवाड्यातला विधी झाला आणि लग्नघरातली रीत झाली. बी एकच असले तरी मातीने झाड वेगळे वाढवले.

८/
हा फरक आपल्या जवळच्या उदाहरणाने पाहू. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १९ च्या बाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर नागराज आणि त्याची राणी बसलेली आहेत. पाचव्या शतकातले अतिशय सुंदर शिल्प. नागराजाचे शरीर मानवी आहे, डोक्यामागे सात फण्यांचे छत्र. लेणी क्रमांक १६ च्या जिन्याजवळही असाच नागराज आहे. भारतीय शिल्पपरंपरेत नागाचे हे नेहमीचे स्थान : प्रवेशाजवळ, रक्षक किंवा भक्त म्हणून. ख्मेर शिल्पकारांनी त्याला प्रवेशाजवळ बसवून सोडले नाही. त्यांनी प्रवेशाचा मार्गच त्याच्या शरीराने बांधला.

९/
याची पहिली मोठी खूण बाकोंग येथे दिसते. राजा इंद्रवर्मा पहिला याने इ.स. ८८१ मध्ये प्रतिष्ठापना केलेले हे पिरॅमिडसारखे मंदिर खंदकाने वेढलेले आहे. खंदक ओलांडणाऱ्या मार्गाच्या दोन्ही कडांना सात फण्यांचे नाग आहेत. जाड, वजनदार, थेट जमिनीवर पसरलेले. पुढच्या काळातल्या नागांची ऐट त्यांच्यात नाही, पण कल्पना पूर्ण आहे. माणसांच्या जगातून देवाच्या पर्वताकडे जायचे तर मध्ये पाणी आहे आणि त्या पाण्यावरून नेणारा नाग आहे.

१०/
यापुढील सुमारे ३०० वर्षांत या नाग-कठड्याचे रूप कसे बदलले, हे पाहिले की ख्मेर मंदिराचा काळ ओळखण्याची एक सोपी गुरुकिल्ली मिळते :

• प्रेआ विहिअर (११ वे शतक) : नाग अजूनही जमिनीवर टेकलेला, फण्यांवर फारसा साज नाही.
• अंगकोर वाट (१२ व्या शतकाचा पूर्वार्ध) : नागाचे शरीर दगडी ठोकळ्यांवर उचललेले, फण्यांभोवती नक्षीदार प्रभावळ.
• बायोन शैली (१२ व्या शतकाचा शेवट) : फण्यांच्या पुढ्यात नागावर स्वार झालेला गरुड.

पुढे कधी अंगकोरला गेलात तर शिल्पपट्टांआधी कठडा पाहा.

११/
गरुड आणि नाग हे भारतीय पुराणांतले हाडवैरी. ख्मेर कलेतही गरुड नागाला पायाखाली धरतो, शेपटीने उचलतो. जयवर्मा सातवा याने बांधलेल्या प्रेआ खान मंदिराच्या बाहेरील तटावर असे ७२ गरुड आहेत, प्रत्येक सुमारे ५ मीटर उंच. पण बायोन शैलीच्या कठड्यांवर गंमत अशी होते की दोघे मिळून एकच आकृती बनते. कोण कोणाला हरवतो आहे, हे दिसेनासे होते. आकाशाचा पक्षी आणि पाण्याचा सर्प एका दगडात येतात आणि दारावर एकत्र पहारा देतात. वैराची कथा माहीत असूनही शिल्पकाराने त्यांच्या एकत्र असण्यालाच महत्त्व दिले आहे.

१२/
नाग आणि पाऊस यांचे नाते पाहायचे तर बांते स्रेई येथे जावे. इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापित झालेले हे छोटे, तांबूस दगडाचे मंदिर राजाने नव्हे, राजगुरू यज्ञवराहाने उभारले. तिथल्या एका दारावरच्या शिल्पपट्टात महाभारतातले खांडववनदहन कोरले आहे. वर ऐरावतावर इंद्र, खाली वन, पशू आणि वीर. मधोमध तिरप्या समांतर रेषांनी पाऊस दाखवला आहे आणि त्या पावसाच्या पडद्यात एक नाग आहे. खांडववनात तक्षकाचे वास्तव्य होते, म्हणून इंद्र ते वन वाचवू पाहतो, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. ख्मेर कलाकाराने मात्र नागाला थेट पाऊसधारांतच नेऊन ठेवले.

१३/
आता अंगकोर वाट. सूर्यवर्मा दुसरा याच्या या विष्णुमंदिरात पूर्वेकडील दालनाच्या दक्षिण भागात समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा शिल्पपट्ट आहे. ९२ असुर आणि ८८ देव एकाच वासुकीला धरून आहेत; मध्ये विष्णू, खाली कूर्म, वर नाचत उडणाऱ्या अप्सरा. सर्वांचे पाय एका लयीत रोवलेले. पाण्यातले मासे आणि मगरी मंथनाच्या अक्षाजवळ येताच तुकडे झालेल्या दिसतात. इतक्या जोराची घुसळण शिल्पकाराने दगडात दाखवली आहे. इथे कथा नि:संशय मंथनाची आहे. नाग एक, टोके दोन.

१४/
मग पहिल्या पोस्टमधल्या त्या दोन नागांचे काय? अंगकोर थोमचे तट प्रत्येक बाजूला सुमारे ३ किलोमीटर लांब आहेत आणि दरवाजे पाच. प्रत्येक दरवाजापुढे असाच सेतू आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सेदेस यांनी या सेतूंमागे इंद्रधनुष्याची कल्पना पाहिली. अनेक आशियाई परंपरांत इंद्रधनुष्य म्हणजे आकाश आणि पृथ्वी जोडणारा सर्प. नगर म्हणजे देवलोक, खंदक म्हणजे समुद्र आणि नाग म्हणजे दोहोंमधला पूल. मंथनाचा अर्थ यामुळे खोटा ठरत नाही. जयवर्मा सातव्याच्या शिल्पकारांनी एकाच रचनेत दोन्ही अर्थ सामावले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

१५/
या नगरात इ.स. १२९६ मध्ये झोउ दागुआन नावाचा चिनी माणूस राजदूतांच्या पथकासोबत आला आणि सुमारे वर्षभर राहिला. त्याने लिहिलेला वृत्तान्त हे अंगकोरच्या जिवंत दिवसांचे एकमेव सविस्तर वर्णन आहे. सेतूवरच्या नागांना नऊ फणे असल्याचे तो नोंदवतो. पण त्याची सर्वांत विलक्षण नोंद राजवाड्यातील सुवर्णशिखराबद्दल आहे. लोक सांगत की त्या शिखरात नऊ फण्यांचा नागात्मा राहतो, तो साऱ्या देशाच्या भूमीचा धनी आहे आणि रोज रात्री तो स्त्रीरूपात प्रकट होतो.

१६/
राजाने आधी तिच्याकडे जायचे, मगच आपल्या राण्यांकडे. एखाद्या रात्री ती आली नाही तर राजाचा मृत्यू जवळ आला. राजा गेला नाही तर राज्यावर संकट येणार. राजवाड्याच्या आवारातील आजचे फिमेआनाकास हे मंदिर म्हणजे तेच शिखर, असे मानले जाते. झोउने ही गोष्ट ऐकीव म्हणूनच दिली आहे आणि आपणही ती तशीच घ्यावी. पण त्या ऐकीव गोष्टीचा आशय पाहा. सोमेची कथा सहाशेहून अधिक वर्षांनंतरही जिवंत आहे आणि राजाला भूमीशी केलेला विवाह रोज रात्री नव्याने पाळावा लागतो आहे.

१७/
आता दगडाकडून धातूकडे वळू. ख्मेरांच्या कांस्यमूर्ती एकेकाळी विपुल होत्या. आज उरलेल्या संख्येने थोड्या आणि बहुधा आकाराने लहान आहेत. कारण साधे आहे. फुटलेल्या दगडाचे दुसरे काही होत नाही, कांस्य मात्र वितळवून पुन्हा वापरता येते. शिवाय कांस्य लुटीत नेता येते. ब्रह्मदेशातील मंडाले येथील महामुनी मंदिरात आज उभ्या असलेल्या ख्मेर कांस्यमूर्ती अंगकोरहून अयुथ्याला, तिथून पेगूला, मग आराकानला आणि अखेर १८ व्या शतकात मंडालेच्या परिसरात पोहोचल्या. प्रत्येक मुक्काम म्हणजे एक युद्ध.

१८/
उरलेल्यांत सर्वांत भव्य आहे पश्चिम मेबोनचा विष्णू. 'पश्चिम बाराय' हा अंगकोरचा सुमारे ८ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटर रुंद मानवनिर्मित जलाशय. त्याच्या मध्यावरील बेटावर ११ व्या शतकात एक मंदिर बांधले गेले. १९३६ मध्ये तिथे मॉरिस ग्लेज यांच्या देखरेखीखाली पहुडलेल्या विष्णूच्या विराट कांस्यमूर्तीचे अवशेष मिळाले. त्या जागी मूर्ती पुरलेली असल्याचे एका गावकऱ्याला स्वप्नात दिसले होते, असे सांगतात. मस्तक, खांदे आणि दोन उजवे हात एवढाच भाग एकसंध उरला आहे आणि तोच सुमारे सव्वादोन मीटर रुंद आहे. पूर्ण मूर्ती ५ मीटरहून अधिक लांब असावी.

१९/
झोउ दागुआनने बहुधा हीच मूर्ती पाहिली किंवा तिच्याविषयी ऐकले. तो तिला निजलेला बुद्ध म्हणतो, तिचे स्थान पूर्वेकडच्या जलाशयात सांगतो आणि तिच्या नाभीतून सतत पाणी वाहते असे लिहितो. दिशा आणि देव दोन्ही चुकले, पण नाभीतले पाणी ही नोंद अमूल्य आहे. विष्णूच्या नाभीतून कमळ उगवते आणि सृष्टी सुरू होते, ही आपली कथा. इथे त्या जागी पाणी आले. भुवया, मिशा आणि डोळे यांच्या खोबणींत एकेकाळी वेगळे मौल्यवान जडावकाम होते. आज त्या रिकाम्या आहेत. ज्या नागावर देव निजतो, त्या नागाचाही मागमूस उरलेला नाही. भोवतीचा विशाल जलाशय मात्र अजून आहे.

२०/
या कल्पनेचे दुसरे टोक कबाल स्पिआन येथे आहे. कुलेन पर्वतावरील एका ओढ्याच्या तळाशी ११ व्या शतकात शेषशायी विष्णू आणि असंख्य शिवलिंगे कोरली गेली. १९६८ मध्ये ज्यां बुल्बे यांनी ती आधुनिक जगासमोर आणली. इथे क्षीरसागर दाखवण्याची गरजच पडली नाही. खरे पाणीच देवावरून वाहते. ते पाणी पुढे सिएम रिएप नदीतून अंगकोरच्या शेतांकडे जाते. शिवलिंगांना आणि शेषाला स्पर्श करून आलेले पाणी भातापर्यंत पोहोचावे, अशी ही योजना. धर्म आणि सिंचन यांच्यात ख्मेरांनी फार मोठी भिंत घातली नव्हती.

२१/
कांस्यमूर्ती बनत कशा? मातीच्या गाभ्यावर मधमाशांच्या मेणाने मूर्ती घडवायची, त्यावर पुन्हा मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या जागेत तापलेला रस ओतायचा. भारतात हीच पद्धत 'मधूच्छिष्टविधान' म्हणून ओळखली जाते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात तिचे वर्णन आहे. सोमेश्वर आणि अंगकोर वाट उभारणारा सूर्यवर्मा हे एकमेकांचे समकालीन होते. अंगकोर थोमच्या राजवाड्यालगत अलीकडच्या उत्खननांत कांस्य ओतण्याच्या कार्यशाळेचे अवशेष मिळाले आहेत. हे काम थेट राजाच्या नजरेखाली चाले.

२२/
संग्रहालयांत गेलात तर लहान वस्तूंच्या कपाटाकडे दुर्लक्ष करू नका. तिथे वीतभर उंचीचे कांस्याचे अनेक फण्यांचे नाग दिसतील. खाली पोकळ नळी किंवा कडी असेल. या स्वतंत्र मूर्ती नव्हेत. त्या पालखीच्या दांड्यांची टोके, पालखी टांगण्याचे आकडे, रथांचे भाग. अंगकोर वाटच्या शिल्पपट्टांत राजकुळातल्या स्त्रियांच्या पालख्यांना अशीच नागाकृती टोके दिसतात. म्हणजे मिरवणुकीत राजकुळ ज्या वाहनातून जाई, त्यालाही नागच धरून असे. देवाकडे नेणाऱ्या सेतूवर जे काम दगडी नाग करतो, तेच रस्त्यावर कांस्याचा नाग करतो.

२३/
बौद्ध कलेत हा नाग मुचलिंद होऊन येतो. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना सात दिवस वादळी पाऊस कोसळला. नागराज मुचलिंदाने आपल्या वेटोळ्यांनी आणि फण्यांनी त्याचे रक्षण केले. भारतात हा प्रसंग कोरला गेला, पण बुद्धचरित्रातील अनेक प्रसंगांपैकी एक म्हणून. ख्मेर देशात तो १० व्या-११ व्या शतकापासून बुद्धाचे मुख्य रूप झाला. शिवाय मांडणी बदलली. कथेत नाग बुद्धाच्या शरीराला विळखा घालतो; ख्मेर मूर्तीत बुद्ध वेटोळ्यांवर बसतो. वेटोळी सिंहासन होतात, फणे छत्र होतात. नागावर आरूढ झालेल्याला राज्य करण्याचा हक्क आहे, ही जुनी समजूत बुद्धालाही लागू झाली.

२४/
इ.स. ११८१ मध्ये गादीवर आलेल्या जयवर्मा सातव्याने महायान बौद्ध धर्माला राजाश्रय दिला आणि नागारूढ बुद्ध राज्याच्या केंद्रस्थानी आणला. त्याच्या बायोन मंदिराच्या गाभाऱ्यात सुमारे ३.६ मीटर उंचीचा असा बुद्ध होता. पुढे, बहुधा १३ व्या शतकात बौद्ध प्रतिमांवर झालेल्या आघाताच्या काळात, तो फोडून मंदिराखालच्या विवरात टाकला गेला. १९३३ मध्ये जॉर्ज त्रूवे यांनी ते तुकडे शोधून काढले. जोडलेली मूर्ती आज अंगकोर थोममध्येच एका साध्या छताखाली आहे आणि लोक तिच्यापुढे उदबत्त्या लावतात.

२५/
त्याच काळात कांस्यात एक त्रयी वारंवार ओतली गेली : मध्ये नागावर बसलेला बुद्ध, एका बाजूला करुणेचा अवलोकितेश्वर, दुसऱ्या बाजूला प्रज्ञेची देवी प्रज्ञापारमिता. हातात मावेल एवढ्या लहान मूर्तीही आढळतात. बायोनच्या विराट मूर्तीने राजधानीत जे सांगितले, ते या छोट्या कांस्यांनी दूरच्या गावांपर्यंत नेले असावे. याच परंपरेचा पसारा थायलंडमधील 'ग्राहीचा बुद्ध' दाखवतो. मलय द्वीपकल्पातील ग्राही येथे स्थानिक शासकाच्या आज्ञेने झालेली ही मोठी कांस्यमूर्ती नागावर बसलेली आहे आणि तिच्या पीठावरचा लेख ख्मेर भाषेत आहे.

२६/
जयवर्म्याच्या काळातली या विषयावरची सर्वांत शांत वास्तू म्हणजे नेआक पेआन. अर्थ 'एकमेकांत गुंतलेले नाग'. जलाशयातील बेटावर चौकोनी तळे, तळ्यात गोल पीठ, पीठाला विळखा घातलेले दोन नाग आणि पीठावर छोटे मंदिर. भोवती आणखी चार तळी. त्यांत मध्यवर्ती तळ्याचे पाणी हत्ती, घोडा, सिंह आणि माणूस यांच्या मुखांतून पडे. हिमालयातील अनवतप्त या रोगहारक सरोवराची ही प्रतिकृती मानतात. प्रेआ खानचा इ.स. ११९१ चा शिलालेख या तीर्थाच्या पावनतेचा गौरव करतो. इथे ना युद्ध आहे ना मंथन. नाग पाण्यात आहे आणि पाणी माणसांना बरे करते आहे.

२७/
आता एका अवघड मुद्द्याकडे. १९२६ मध्ये कोलकात्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदार यांनी १९४४ मध्ये कंबुज देशावरील ग्रंथाला उपशीर्षकच 'प्राचीन हिंदू वसाहत' असे दिले. पारतंत्र्यात दबलेल्या पिढीला त्या शब्दाने आधार दिला, हे समजण्यासारखे आहे. मजुमदारांचे शिलालेखांवरील काम आजही उपयोगी आहे. पण 'वसाहत' हा शब्द पुराव्यावर टिकत नाही. भारतातील कोणत्याही राजसत्तेने तिथे राज्य केल्याचा दाखला नाही. संस्कृत लेखांच्या जोडीला जुन्या ख्मेर भाषेतले असंख्य लेख आहेत, आणि जमीन, सेवक, दान यांचा हिशेब त्या भाषेत होतो.

२८/
आणि नाग हाच त्याविरुद्धचा सर्वांत बोलका साक्षीदार आहे. केवळ नक्कल असती तर नाग भारतात जिथे होता तिथेच, दाराशी राहिला असता. तो सेतू झाला, पालखीचा दांडा झाला, बुद्धाचे सिंहासन झाला, राजाची रात्रीची पत्नी झाला. मूळ कथेतही बाहेरून आलेला कौंडिण्य एकटा राज्य उभारू शकत नाही. भूमी सोमेची आहे. ख्मेरांनी आपल्या इतिहासाचे भाष्य स्वतःच करून ठेवले आहे : आलेले ज्ञान स्वीकारले, पण घर आमचे होते. अभिमान बाळगायचाच असेल तर या देवाणघेवाणीचा बाळगावा, मालकीचा नको.

२९/
मालकीचा प्रश्न आजही जिवंत आहे. १९७० नंतरच्या युद्धकाळात आणि पुढे कंबोडियातील मंदिरांची पद्धतशीर लूट झाली. डग्लस लॅचफोर्ड या विक्रेत्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत चोरीच्या प्राचीन वस्तूंच्या व्यापाराबद्दल आरोपपत्र दाखल झाले. पुढच्या वर्षी तो वारला. त्याच्याशी संबंध असलेली १४ ख्मेर शिल्पे कंबोडियाला परत करण्याची घोषणा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केली. कपाटातला कांस्याचा नाग कोणत्या मंदिरातला, कोणत्या पालखीचा, हे लूट झाल्यावर कधीच कळत नाही. वस्तू परत येते. तिची जागा, तिचा थर, तिची सोबत परत येत नाही.

३०/
अंगकोरचा ऱ्हास अनेक कारणांनी झाला. व्हिएतनाममधील जुन्या वृक्षांच्या वलयांवरून दिसते की १४ व्या-१५ व्या शतकांत तिथे दीर्घ अवर्षणे आणि मध्येच अतितीव्र पावसाळे आले. कालवे आणि जलाशय यांच्या अवाढव्य जाळ्याला हा ताण झेपला नाही. त्याला अयुथ्याच्या स्वाऱ्यांची जोड मिळाली. झोउने ऐकलेली समजूत आठवा : नागकन्या ज्या रात्री येणार नाही, त्या रात्रीपासून राजाचे दिवस भरले. पाण्यावर उभ्या असलेल्या राज्याला आपल्या अस्तित्वाची अट ठाऊक होती. ती त्याने गोष्टीच्या रूपात जपली होती.

३१/
राजे गेले, नाग राहिला. कंबोडियातील पारंपरिक लग्नात आजही एक विधी असतो : नवरा नवरीच्या उपरण्याचे टोक हातात धरून तिच्या मागोमाग चालतो. पाण्याखालच्या नागलोकात जाताना प्रेआ थोंगने नेआंग नेआकचे वस्त्र असेच धरले होते, असे सांगतात. पुढे ती, मागे तो. वाट तिला ठाऊक आहे, कारण देश तिचा आहे. अंगकोर थोमच्या सेतूवरचे ते दोन नाग येणाऱ्या प्रत्येकाला हीच गोष्ट सांगतात : पाणी ओलांडायचे आहे, तर आम्हाला धरून या.

(धागा समाप्त. ख्मेर मंदिरांतील नागांची तुम्ही काढलेली छायाचित्रे असतील तर खाली जोडा. कठडा पाहून काळ ओळखण्याचा प्रयत्न सारे मिळून करू.)